लेखणी सोडा, काकाजी!

तीन गावच्या तीन म्हाताऱ्यांना एकाच फळ्यावर लिहायला बसवा, किस्से शोधावे लागत नाहीत. माझ्याकडे पोतंभर जमले.

मी डिप्लोमा अर्धवट सोडलेला, मित्र प्रशांत नापास होऊन सुटलेला. कापूस व्यापाऱ्यांच्या एका संस्थेसाठी आम्ही सिस्टिम बनवत होतो. वर्ध्याला अध्यक्ष काकाजी, पुलगावला भाऊसाहेब, हिंगणघाटला शेठजी. तिघांनी आपापल्या गावात बसून, फोनच्या लाइनवरून, कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या एकाच फळ्यावर लिहायचं. सिस्टिम पसंत पडली तर संस्थेने कामाला दिलेली खोली आमच्याकडे राहणार, नाहीतर तिथे टायपिंग क्लास.

*

तिघं एकदम लिहायला लागले की नुसता कचरा. म्हणून पडद्यावर एक 'लेखणी' दिली. ती ज्याच्याकडे, तोच लिहिणार. झालं की सोडायची. काकाजींनी घेतली आणि घरी गेले. जेवले, झोपले. दोन गावं कोऱ्या फळ्याकडे बघत बसली.

विचारलं तर म्हणाले, "अध्यक्ष मी आहो. मंग लेखणी काऊन सोडू?"

आम्ही लेखणी थोड्या वेळाने आपोआप सुटेल असं केलं. खुर्चीसाठी तशी सोय अजून कोणाला जमलेली नाही.

*

अक्षराचं बटण दाबलं की ते तिन्ही गावांतल्या फळ्यावर लगेच दिसायचं. भाऊसाहेबांना हे पटतच नव्हतं. एकदा त्यांनी एका बोटाने लिहिलं, 'काकाजीले यातलं काहीच', आणि घाबरून एकेक अक्षर पुसलं. पुसतानाही सगळ्यांना दिसलं.

खाली काकाजींचं उमटलं: "पुरं लिव ना. काऊन मिटवलं?"

*

शेठजी फळ्यावर लिहायचे आणि खात्रीसाठी लगेच फोन उचलायचे. लाइन एकच! फोन उचलला की मीटिंग तुटली. मग वर्ध्याला फोन लावून विचारायचे, "माह्यं पोचलं काय?"

*

शेवटी परीक्षेची मीटिंग ठरली. मदतीला मी पुलगावात, प्रशांत हिंगणघाटात. काकाजींना सगळं येतं, असं त्यांचंच म्हणणं, म्हणून वर्ध्यात कोणी नाही.

सिस्टिम सुरू, चहा तयार, खुर्ची रिकामी. भाऊसाहेब आलेच नाहीत. प्रशांतने फळ्यावर लिहिलं, शेठजींचाही पत्ता नाही. मी मनातल्या मनात खोली आवरायला घेतली.

तेवढ्यात वर्ध्याहून अक्षरं यायला लागली. एकेक करत.

"भाऊसाहेब अन् शेठजी सकाळच्या एसटीनं इथंच आले. नाश्ता झाला. सिस्टिम तिघांले पसंत. मंजूर."

 मग खाली आणखी एक ओळ उमटली.

"तुमी दोघं मीटिंगले काऊन नाई आले?"