साहेबांचा टापू

विड्याचं पान हातात घेतलं तरी साहेब आधी ते उलटून बघत, मग चुना लावत. घाणेरीच्या पानांमागचे किडे बघण्यात ज्यांची नोकरी सरली, त्यांची सवय ती. कामानं अशी वाकलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमची कचेरी सांगलीला, विश्रामबागेत. तिकडे पाटणच्या डोंगरांवर घाणेरी माजलेली. तिच्याखाली गवत उगवेना, गुरांना चरायला जागा उरेना. तिच्यावर सोडायला साहेबांनी बारीक किडे पाळले होते. ते दुसऱ्या कशाला तोंड लावत नसत, म्हणून साहेबांनी अंगणात घाणेरीच लावली. सगळी कॉलनी ती उपटायची, हे पाणी घालायचे. वहिनी म्हणायच्या, "लोकांच्या दारात मोगरा, आमच्या दारात ही."

किड्यांसकट घाणेरीच्या, मलमल बांधलेल्या कुंड्या मांडीवर घेऊन साहेब आणि मी, त्यांचा मदतनीस, एसटीनं पाटणला जायचो. वासानं शेजारचा उठून जाई. "बरं झालं, ऐसपैस बसू," साहेब म्हणत आणि डोळे मिटत. थकले होते ते. रिटायर होण्याआधी एक उतार तरी मोकळा झालेला बघायचा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

दर पावसाळ्यात किडे धुऊन जात. पुन्हा सोडायचे. डोंगराखालच्या गावातले तात्या विचारत, "कवा मरायची वो ही?"

"खाऊ द्या त्यांना निवांत," साहेबांचं उत्तर ठरलेलं.

शेवटच्या उन्हाळ्यात किडे टिकले. अख्खा उतार तपकिरी पडला. परतताना साहेब एसटीत चक्क गुणगुणत होते. पुढच्या खेपेला गेलो, तर उतार काळाठिक्कर. नवं गवत चांगलं यावं म्हणून उन्हाळ्यात डोंगराला काडी लावायची तिथली रीतच. तात्या कौतुकानं सामोरे आले.

"वाळली हुती, सायेब. म्हटलं, तुमचा तेवढाच तरास वाचंल. लय झ्याक पेटली."

किडे जळाले होते. घाणेरीची मुळं मात्र जमिनीत शाबूत. साहेब दगडावर बसून राहिले. रागावले नाहीत, तेवढं त्राणच उरलं नसावं. तात्यांनी दिलेली भाकरी खाल्ली आणि मग त्यांना सगळं समजावून सांगितलं. मला दोघांकडेही बघवेना.

साहेब रिटायर झाले आणि थोड्याच दिवसांत वारले. त्यानंतर एका उन्हाळ्यात मी तिकडे गेलो. सगळा डोंगर जाळलेला आणि मध्ये तेवढाच उतार हिरवागार, पुरुषभर उंच घाणेरीचा.

"त्यो सायबांचा टापू," तात्या म्हणाले. "तितं काडी लावू देत न्हाई आमी कुणाला. हायत न्हवं किडं?"

मी एक पान उलटलं. मागे काही नव्हतं.

"हायत की," मी म्हणालो. "खाऊ द्या त्यांना निवांत."