परबभाऊंचा बुडबुडा

परबभाऊंसमोर मोबाइलच्या चार्जरची वायर बोटांभोवती गच्च गुंडाळायची कुणाची बिशाद नव्हती. बोलता बोलता उठायचे, वायर हातातून काढून घ्यायचे आणि तिचं ताटाएवढं वेटोळं करून टेबलावर ठेवायचे. "वळवचा, मोडूचा नाय." मस्कतजवळच्या माबेल्यातल्या आमच्या बिल्डिंगमधली पोरं आपापसात इंग्रजीच झाडतात, पण एवढं मालवणी वाक्य सगळ्यांना पाठ होतं.

भाऊ मूळ कुडाळचे, राहायचे आमच्याच बिल्डिंगमध्ये. मस्कतच्या एका हॉस्पिटलात ऑपरेशनची अवजारं धुण्या-तपासण्याचं काम करायचे. त्यातही त्यांचा जीव किडनी स्टोनच्या लवचिक दुर्बिणींवर. पोट न फाडता ही नळी लघवीच्या वाटेने थेट मूत्रपिंडात जाते, आत मान वळवून कानाकोपरा बघते, आणि तिच्यातून सोडलेल्या लेसरच्या तारेने खड्याचा चुरा होतो. प्रत्येक ऑपरेशननंतर भाऊ तिच्यात हवा भरून तिला पाण्यात बुडवायचे. बुडबुडा आला तर नळीला भोक आहे, आत घाण शिरणार, पुढच्या माणसाला ती वापरायची नाही. मी म्हणायची, एवढ्या लांब ओमानला येऊन तुम्ही शेवटी पंक्चरच काढता की! तेही हसायचे.

मग आमच्याच घरात खडा निघाला. मिलिंद, माझा नवरा, साइटवर उन्हात उभा राहणारा सुपरवायझर. पाणी पी म्हणून भाऊ त्याला दर शुक्रवारी दटावत, आणि हा हो-हो करत चहा ढोसत असे. त्याचं उजवं मूत्रपिंड जन्मापासून निकामी. एकुलत्या एका डाव्यात खडा, आणि त्याचा एक तुकडा सरकून खाली लघवीच्या नळीत अडकलेला. भाऊंच्याच हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले, हेही गेलं तर डायलिसिस. त्यानंतर मला अन्न गोड लागेना. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी भाऊंना गाठलं. दुर्बीण तुम्ही स्वतः बघा आणि काही झालं तरी उद्याचं टळू देऊ नका, असं चक्क बजावलं. ते म्हणाले, "मी आसंय मां."

दुसऱ्या दिवशी मिलिंदचा नंबर दुसरा होता. उपाशीपोटी, गाऊन चढवून तो आत गेला. दुपारी दार उघडलं आणि डॉक्टरांच्या आधी भाऊच बाहेर आले. हात अजून ओले होते.

"आज होवचा नाय, वहिनी. बुडबुडो इलो."

पहिल्या पेशंटला वापरलेली नळी तपासताना त्यांना तो दिसला होता. दुसरी नळी दुरुस्तीला गेलेली. त्यामुळे आज फक्त लघवीला वाट राहावी म्हणून आत स्टेंट घालणार, आणि खडा तीन आठवड्यांनी काढणार. मी त्यांना नाही नाही ते बोलले. तुमच्या एका बुडबुड्यापायी माझ्या माणसाची एकमेव किडनी पणाला लावलीत, असंही बोलले, आणि ते सगळ्या वेटिंग रूमने ऐकलं. भाऊ मान खाली घालून उभे होते. माझं बोलून संपल्यावरच आत गेले.

ते तीन आठवडे माझ्या जिवाला घोर होता. मिलिंदला लघवीला आग, मधूनच रक्त. ताप आला तर तडक घेऊन या, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं, म्हणून मी थर्मामीटर घेऊन त्याच्या मागे. रोज संध्याकाळी कामावरून आले की भाऊ दारात हजर. "ताप नाय मां?" मी तुटकपणे नाही म्हणायची आणि दार लावून घ्यायची. एकदा अंग थोडं गरम लागलं, तेव्हा भाऊ गाडीची किल्ली घेऊन दोन तास जिन्यात बसून राहिले होते. हे मला समोरच्या बाईंनी मागाहून सांगितलं.

तीन आठवड्यांनी दुरुस्त होऊन आलेल्या दुसऱ्या दुर्बिणीने खड्याचा चुरा झाला. किडनी शाबूत राहिली. माझा राग पळाला तो पळाला, मी दुसऱ्याच टोकाला गेले. भाऊंनी भोक पकडलं म्हणून माझा नवरा वाचला, असं ज्याला त्याला सांगत सुटले. मंडळाच्या गणपतीत तर माइक हातात घेऊन सांगितलं. भाऊ नेमके तेव्हाच पाणी प्यायला उठले.

यंदा त्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि ते कुडाळला निघाले. निरोपाचं जेवण आमच्याकडे होतं. मी पुन्हा तीच गोष्ट रंगवून सांगितली. पानं वाढायला स्वयंपाकघरात गेले, तर मागोमाग भाऊ आले.

"वहिनी, भोक नाय होता."

बुडबुडा एकदाच आला होता. नंतर त्यांनी नळी तीनदा बुडवली, एकदाही आला नाही. त्यांचे साहेब म्हणाले, बाहेर चिकटलेली हवा असेल, पाठवा पुढे. यांनी नाही म्हणून लिहून दिलं. मग नळी बनवणाऱ्या कंपनीने ती तपासून परत पाठवली, अगदी धडधाकट. म्हणजे मिलिंदचा खडा त्याच दिवशी निघाला असता. ते तीन आठवडे मलाही झोप नव्हती, असं भाऊ म्हणाले. इतकी वर्षं माझ्या तोंडून स्वतःचं कौतुक ऐकत त्यांनी हे कसं पोटात ठेवलं, देव जाणे. मला धड रागावता येईना, धड रडता येईना. शेवटी विचारलं, परत तशीच वेळ आली असती तर?

"बुडबुडो दिसलो म्हंजे दिसलो, वहिनी. मी परत नायच म्हणतलंय."

भाऊ गेले. ती गोष्ट मी अजूनही सांगते, आता भोक नव्हतं इथपर्यंत सांगते. ऐकणाऱ्यांचे चेहरे पडतात. मग उगाचच काढलेत ना गं तीन आठवडे, असं विचारतात. हो, उगाचच.

परवाच्या सोनोग्राफीत मिलिंदच्या किडनीत पुन्हा खडा दिसलाय. डॉक्टर म्हणाले, काळजी नको, दुर्बिणीनेच काढू. मी विचारलं, दुर्बीण पाण्यात बुडवून बघायला आता परबभाऊंच्या जागी कोण आहे? त्यांना नाव माहीत नव्हतं.