कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला

बटणताईंच्या पायाला भिंगरी होती हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्या सकाळी त्यांनी कहरच केला. चहा उकळला आणि गाळायचा विसरल्या. देवापुढे दिवा लावला, डोळे मिटले आणि नमस्कार अर्धा टाकून खिडकी लावायला उठल्या.

"अगं, देवाला तरी दोन मिनिटं दे," यजमान पेपरातून डोकं न काढता म्हणाले. ते बसवर ड्रायव्हर, त्या आठवड्यात दुपारपाळी. "त्याच्यासमोरसुद्धा तुझी एक टाच उचललेली."

"त्याला ठाऊक आहे मी कुठे चाललेय ते."

"ते मलाही ठाऊक आहे. त्या पुतळीचा तिसरा दिवस ना?"

"आज जेवणाच्या सुट्टीपर्यंत जमलं तर जमलं. नाहीतर दुसरी मुलगी आणून बसवणार आहेत." ताईंनी पिशवीत कात्री टाकली, काढली, पुन्हा टाकली. "आणि त्या दुसरीचा ड्रेस काल मीच शिवला. तोच निळा, एक माप मोठा."

यजमानांनी पेपर खाली ठेवला. ते उठले आणि विसरलेला चहा स्वतःच गाळायला घेतला.

ताईंचं खरं काम कपडेपटाचं. शहराबाहेरच्या एका जुन्या गोदामात मालिकांचं चित्रीकरण चाले. तिथे बावीस वर्षं त्या नटांचे कपडे शिवत, उसवत, इस्त्री करत होत्या. अभिनयाचं शिक्षण म्हणाल तर शून्य. पण फार वर्षांपूर्वी एका नवख्या पोराच्या हातातला कप कॅमेरा सुरू झाला की बशीवर असा काही वाजायचा, की ध्वनिमुद्रणवाल्याने कानावरचे हेडफोन काढून ठेवले. त्याचं कॉलरचं बटण लटकत होतं. ताई सुई घेऊन गेल्या आणि गळ्याशी टाका घालता घालता म्हणाल्या, "हलू नकोस, टोचेल. पायाखालची फरशी गार आहे की गरम?" पोरगा विचार करून म्हणाला, "उजव्या पायाखाली गार." "आणि आता ऐकू काय येतंय?" "पंखा. कोणीतरी जिना उतरतंय." बटण लागेपर्यंत कप गप्प झाला होता.

तेव्हापासून कॅमेऱ्यापुढे कोणी गारठलं की हाक यायची, "बटणताईंना बोलवा." त्या कोणालाही 'दीर्घ श्वास घे' म्हणत नसत. म्हणायच्या, "श्वास घे म्हटलं की माणूस श्वास कसा घेतात तेच विसरतो." त्या हाताला खरं काम देत, कानाला खरा आवाज देत, आणि मग कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला भिंतीला टेकून उभ्या राहत. त्यांची जागाच होती ती.

पुतळीचं प्रकरण मात्र चिवट निघालं. मुलगी एकोणीस वर्षांची, कॉलेजच्या नाटकांतून आलेली. तालमीत बोलायला लागली की आजूबाजूची माणसं हातातलं काम सोडून बघायची. पण 'कॅमेरा' म्हटलं की मान ताठ, हात लाकडाचे, डोळे काचेचे. नाव कोणी पाडलं कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिच्या तोंडावर सगळे तिला पुतळी म्हणायला लागले होते, आणि ती हसतही होती. ते हसणंच ताईंना बघवत नव्हतं.

प्रसंग साधा होता. मुलगी वडिलांच्या शर्टाला बटण लावते आहे आणि लावता लावता सांगते, मी हे घर सोडून चालले. ताईंनी नकली सुई काढून टाकली आणि खरी दिली. बटण खरोखरच तोडून ठेवलं. "लावून झालंच पाहिजे," म्हणाल्या. "मला नंतर शर्ट वापरायचाय."

त्या तिसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यांदाच पुतळी हलली. दोरा ओवला, गाठ मारली, बोलायला लागली. आवाज खरा होता. ताईंचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच दिग्दर्शक ओरडले, "कट! अगं, वडील समोर बसलेत. तू बोलतेस कोणाशी?"

पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. प्रत्येक वाक्य संपलं की तिची नजर केसभर डावीकडे सरकायची. पडद्यावर ते केसभर हातभर दिसतं.

"घाबरलीय अजून," दिग्दर्शक घड्याळ बघत म्हणाले. "ताई, काहीतरी करा. अकरा वाजले."

ताई जाऊन आल्या. फरशी विचारली, पंखा विचारला. मुलीने सगळी उत्तरं बरोबर दिली. तिसऱ्यांदा घेतलं. नजर डावीकडे.

मग कॅमेरावाले दादा हळूच ताईंजवळ आले. हा माणूस दिवसात दहा वाक्यं बोलायचा, त्यातली आठ दिव्यांबद्दल. "ताई," ते म्हणाले, "राग मानू नका. तिचं वाक्य संपलं की तुमची मान हलते. ओठही हलतात."

ताईंना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा कानशिलं तापली. ती पोर घाबरून बघत नव्हती. ती प्रत्येक वाक्यानंतर 'बरोबर?' म्हणून विचारत होती, आणि ताई भिंतीला टेकून 'बरोबर' म्हणत होत्या. सकाळपासून. शिवाय खरं सांगायचं तर त्यांना ते आवडत होतं.

"मी त्या काळ्या पडद्यामागे जाते," त्या म्हणाल्या.

गेल्या. चौथा टेक. मुलीने शर्ट हातात धरला आणि नजर पडद्यावर फिरवली, शिवण कुठे उसवलीय ते शोधावं तशी.

"एक करा," दिग्दर्शक बाजूला घेऊन म्हणाले. "तिला 'मी पडद्यामागेच आहे' असं सांगा, आणि मागच्या दाराने निघून जा."

"म्हणजे ती पडद्याशी बोलेल."

"मग काय करायचं? ती दुसरी मेकअपरूममध्ये तयार बसलीय. ताई, मला संध्याकाळी भाग पाठवायचाय."

ताई मुलीसमोर जाऊन बसल्या. वडिलांचं काम करणारे जुने नट शेजारच्या खुर्चीत होते. ते समजूतदारपणे चष्मा पुसायला लागले.

"मी बाहेर चाललेय," ताई म्हणाल्या. "जिन्यात. दार बंद झालं की तिथे काहीही ऐकू येत नाही."

"नको ना, ताई. तुम्ही असलात की मला जमतं."

"जमत नाहीये, बाळा. माझ्याकडे बघायला जमतंय."

"मी नाही बघणार. शप्पथ."

"शपथा घेऊ नयेत." ताईंनी तिच्या हातात सुई नीट दिली. "तुझं चुकलं तरी मला कळणार नाही, छान झालं तरी कळणार नाही. तुझे बाबा समोर बसलेत. त्यांना सोडून चाललीयस तू, मला नाही."

मुलीने शर्ट मांडीवर ओढला. जुने नट चष्मा लावत म्हणाले, "जा हो तुम्ही. आणि पोरी, बटण घट्ट लाव. मागच्या मालिकेतल्या मुलीने लावलेलं वरणात पडलं होतं."

ताई निघाल्या. मागून दार बंद झालं आणि वरचा, चित्रीकरण चालू असल्याचा लाल दिवा लागला.

बावीस वर्षांत आपलं माणूस आत असताना त्या कधी बाहेर थांबल्या नव्हत्या. जिन्याच्या पायऱ्या चौदा होत्या. त्या उतरल्या, चढल्या. कठड्यावरची धूळ पदराने पुसली. देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली आणि मधेच काय मागायचं तेच सुचेना. 'तिला जमू दे' म्हणावं, तर खालच्या पायरीवर निळ्या ड्रेसमध्ये ती दुसरी येऊन बसलेली.

"मावशी, तिचं झालं का हो?" ती म्हणाली. नखं कुरतडून बोटं लाल झाली होती.

"चाललंय."

"तुम्ही तिच्या ना?"

"मी कपड्यांची." ताई दोन पायऱ्या उतरल्या. "कमरेत सैल होतोय का?"

"थोडासा. मी तीन दिवस जेवले नाहीये."

"मूर्ख कुठली," म्हणून ताईंनी पिशवीतला पोळीभाजीचा डबा तिच्या मांडीवर ठेवला आणि पुन्हा वर चढल्या. देवाला मग त्यांनी एवढंच सांगितलं, आत जे चाललंय ते तुझ्या हवाली. असं त्या आयुष्यात फार वेळा म्हणाल्या होत्या. हात मात्र पहिल्यांदाच रिकामे ठेवून म्हणत होत्या, आणि ते रिकामे हात कुठे ठेवायचे हे त्यांना कळत नव्हतं. काखेत धरले. कठड्यावर ठेवले. दाराला कान लावला आणि चोरी पकडली गेल्यासारखा मागे घेतला.

लाल दिवा विझेना. एका टेकला एवढा वेळ लागत नाही. तुटली असेल. रडत असेल. सगळे तिला पाणी देत असतील, आणि पाणी दिलेलं तिला चालत नाही, अजूनच हुंदके येतात, हे त्यांना कोण सांगणार? ताईंनी दाराच्या मुठीला हात घातला. लोखंड गार होतं. त्या तशाच उभ्या राहिल्या, ना आत ना बाहेर.

दिवा विझला.

दार आतून उघडलं आणि पुतळी बाहेर आली. बोट तोंडात.

"सुई घुसली," ती बोट चोखत म्हणाली. "मी वाक्यच विसरले. बाबा नुसते बघत बसले माझ्याकडे, काही सुचवलं पण नाही त्यांनी! मग मी नुसतंच बटण लावत बसले. कितीतरी वेळ. आणि मग आलं."

"काय आलं?"

"वाक्य. आपोआप." ती स्वतःच चकित झाली होती. "एकदाच घेतलं. ठेवलं त्यांनी. न बोललेलं पण ठेवलं."

ताईंना शंभर गोष्टी विचारायच्या होत्या. नजर कुठे होती, गाठ कशी मारली, शेवटी रडलीस की नाही. त्यांनी पिशवीतून चिंधी काढून तिच्या बोटाला गुंडाळली.

खालच्या पायरीवरची मुलगी उठली होती. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं, पण दार उघडून आतून हसण्याचा आवाज आला तेव्हाच तिला समजलं असावं. अर्धी पोळी डब्यात ठेवून तिने झाकण लावलं.

आतून सहायकाने हाक मारली. "पुढचा शॉट! बटणताई, येताय ना? तुमची जागा मोकळी केलीय."

ताईंनी पुतळीकडे पाहिलं. मुलीने ताईंकडे. ती 'या ना' म्हणाली, पण म्हणण्याआधी एक क्षण गेला, आणि त्या क्षणात काय होतं ते बावीस वर्षं चेहरे बघितलेल्या बाईला कळायला वेळ लागला नाही.

"मला इस्त्री पडलीय," ताई म्हणाल्या. "आणि खाली एक ड्रेस कमरेत आत घ्यायचाय."

"तो कशाला आता?"

"तिला पुढे कुठेतरी लागेल की."

मुलगी आत गेली. ताई चौदा पायऱ्या उतरल्या, मधल्या वळणावर थांबल्या, चार परत चढल्या, आणि स्वतःवरच चिडून पुन्हा उतरायला लागल्या.