गुलाबी कडेचा कागद

आधी माफी मागतो. एखाद्या माणसावर लिहायचे तर तो माणूस नीट माहीत असायला हवा, आणि मी सरवदे मामांना फक्त बसमध्ये ओळखत होतो. सकाळी पाऊण तास, संध्याकाळी गाडी जुळली तर आणखी पाऊण तास. शिवाय आमच्या घरात आजवर जे काही लिहिले गेले ते अर्जच होते: रेशनकार्डात नाव घालायचा, विजेच्या जोडणीचा, शिष्यवृत्तीचा. घरातून कॉलेजला जाणारा मी पहिला, त्यामुळे ते अर्जही मीच लिहिले. अर्जाच्या शेवटी ‘आपला विश्वासू’ लिहायची पद्धत आहे. मामांच्या बाबतीत मला ते लिहिता येणार नाही. का, ते सांगण्यासाठीच हे लिहितो आहे.

उत्तम सरवदे एसटीत कंडक्टर होते. कळंबहून येरमाळा, येडशी करत धाराशिवला जाणारी सकाळची गाडी त्यांच्याकडे असे. त्यांच्या नऊ बोटांची नखे बारीक कापलेली असत आणि उजव्या अंगठ्याचे तेवढे वाढवलेले. मी पहिल्या दिवशी येरमाळ्याच्या पुढच्या फाट्यावर चढलो आणि पास दाखवला. त्यांनी पासवरचा फोटो पाहिला, मग मला पाहिले.

“हा तूच का? फोटोत लई भ्यालेला दिसतूस.”

आजूबाजूची माणसे हसली. मी खिडकीच्या दांड्यावर डोके टेकवून झोपेचे सोंग घेतले आणि मला खरेच झोप लागली. धाराशिवला उतरताना मामांनी माझ्या हातात दोन बोटे रुंदीचा कागद ठेवला. मला वाटले, तिकीट. पाहिले तर मीच. तोंड किंचित उघडे, आणि दप्तर दोन्ही हातांनी असे आवळलेले, जसे कुणी ओढून नेणार आहे. पेन नाही, पेन्सिल नाही, तरी करड्या काळ्या रेषा.

“कशानं काढलं, मामा?”

त्यांनी अंगठा वर केला. “ह्यानं. आन् उनाला ठेवू नगंस, काळं पडतंय.”

हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितले होते.

तिकिटाच्या मशीनचा कागद वेगळा असतो. त्याला शाई लागत नाही, ऊब लागली की तो काळा होतो. नख जोरात ओढले तर तेवढ्या घासण्यानेही रेघ उमटते. रोल संपत आला की कागदाच्या कडेला गुलाबी पट्टी येते आणि तो तुकडा काढून टाकावा लागतो. मामा त्या तुकड्यावरच चित्र काढत. कोऱ्या कागदाला त्यांनी कधी नख लावले नाही. “पांढरा हाय तवर सरकारचा,” ते म्हणत, “गुलाबी कड आली की माझा.”

येडशीच्या पुढे गर्दी जरा कमी झाली की ते मधल्या खांबाला पाठ लावून उभे राहत आणि मशीनवर कागद धरून अंगठा चालवत. खर्र खर्र असा बारीक आवाज येई. गाडीचे ड्रायव्हर शेख चाचा समोर बघतच ओरडत, “मास्तर, नख आवरा! मला वाटतंय ब्रेक घासाय लागलाय.”

“तुमच्या ब्रेकापरीस माझं नख बरं लागतंय, शेख,” मामा तिथूनच उत्तर देत. हे रोजचेच होते, तरी गाडी रोज हसायची.

मला ते ‘कॉलेज’ म्हणत. नाव त्यांनी पासवर वाचले होते, पण हाक तीच. “कॉलेज, बसलेला माणूस बघू नगंस. बसलेली माणसं समदी सारखीच. माणूस उतरताना बघावं.” मी बघू लागलो. स्टॉप जवळ आला की माणूस पदर सावरतो, पिशवी चाचपतो, पायाने चप्पल शोधतो, चेहऱ्यावर पुढच्या कामाचे काहीतरी येते. मामा तेवढेच काढत. येरमाळ्याच्या यात्रेहून परतणारी, वेचलेले चुनखडीचे खडे ओच्यात धरून पायरी चाचपणारी म्हातारी. काखेत करडू मारून उतरणारा माणूस. रामलिंगच्या देवळाजवळच्या माकडांना दिसू नयेत म्हणून केळी शर्टाच्या आत घालणारे एक गुरुजी.

चित्र झाले की ज्याचे त्याला देऊन टाकत. बहुतेक जण तिकिटाबरोबर ते चुरगाळून टाकत. एकाने तर मामांच्या समोर त्याची सुरळी करून कान कोरला. मला राग आला. मामा म्हणाले, “कान तरी साफ झाला त्याचा. एरवी तरी हे कुठं टिकतंय? सा म्हैन्यांत पांढरं.” मला मिळालेली तीन चित्रे मी मात्र मराठीच्या पुस्तकात जपून ठेवली होती.

दुसऱ्या वर्षी आमच्या मराठीच्या मॅडमनी वर्गात फोनवर काही चित्रे दाखवली. हे आजचे चित्रकार आहेत, म्हणाल्या, कुणाच्या नोकरीत नाहीत, स्वतःचे स्वतः काढतात आणि लोकांसमोर ठेवतात. मला तोवर चित्रकार म्हणजे मेलेला मोठा माणूस किंवा दुकानाच्या पाट्या रंगवणारा, एवढेच ठाऊक होते. मी त्या रात्रीपासून शोधत गेलो. नागपूरची एक मुलगी फक्त स्वयंपाकघरातली भांडी काढायची. कोकणातला एक जण मासळीबाजारातले हात काढायचा, चेहरे नाहीत, नुसते हात. एक जण आपल्या आजीच्या औषधाच्या खोक्यांवर आजीच काढायचा. एकाचे पाहिले की तो आणखी चौघांची नावे सांगे. मी असे साठ-सत्तर जण जमवले. अभ्यासाच्या वहीत त्यांची यादी केली.

एकदा धाराशिव स्टँडवर गाडी लागायला वेळ होता, तेव्हा मी ते सगळे मामांना दाखवले. त्यांनी चष्मा लावला. एकेका चित्रावर बराच वेळ थांबत. भांडी काढणाऱ्या मुलीपाशी आले आणि म्हणाले, “ह्या पोरीनं हात लई सैल सोडलाय. बघ, पातेल्याचा काठ एकदाबी तपासला न्हाय तिनं.” मग विचारले, “ह्यास्नी काढायला कोण सांगतंय?”

“कुणी नाही मामा. यांना वाटतं म्हणून काढतात.”

ते काही वेळ फोनकडे बघत राहिले. पडदा विझला तरी बघत राहिले.

“मंजी आपल्यावानीच की,” ते म्हणाले. “मला वाटलं, हे खूळ मला एकट्यालाच हाय.”

त्यानंतर पुण्यात काही जण मिळून अशा चित्रकारांचे एक छोटे प्रदर्शन भरवणार आहेत, असे मी वाचले. मामांना न विचारताच माझ्याजवळच्या तीन चित्रांचे फोटो मी त्या प्रदर्शनवाल्यांना पाठवले. चार दिवसांनी उत्तर आले. चित्रे फार आवडली होती. मूळ चित्रे हवी होती, आणखी असतील तर तीही. मी गाडीत चढल्या चढल्या मामांना वाचून दाखवले. ते “बघू” म्हणाले आणि तिकिटे फाडत पुढे गेले. दोन दिवस त्यांनी विषय काढला नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी पिशवीतून पत्र्याचा डबा काढला. मशीन येण्याच्या आधी कंडक्टर ज्यात तिकिटांचे गठ्ठे ठेवत, तो डबा. आत मऊ फडके आणि फडक्यात अकरा चित्रे. अंधारात राहिल्याने त्यांच्या रेषा अजून ठळक होत्या. दहा चित्रे अशीच येणाऱ्या-जाणाऱ्यांची होती. अकरावे एका बाईचे. उतरायला निघालेली, हातात स्टीलचा डबा, पण मान मागे वळवलेली.

“ही तुझी मामी. कमल,” ते म्हणाले. “दवाखान्याला माझ्याच गाडीनं न्यायचो. उतरताना दर टायमाला दाराजवळच्या आपल्या सीटकडं वळून बघायची, काय राहिलं का म्हणून. शेवटच्या बारीला बी बघितलं.”

“मामींचे फोटो असतील ना घरी?”

“आधारवरचा हाय. त्यात ती न्हाय.” त्यांनी फडक्याची घडी केली. “कॉलेज, बाकीची गेली तर गेली. ही तेवढी टिकली पाहिजे. असं काय करता येत असलं तर बघ.”

मी म्हणालो, “करतो मामा.”

पुण्याला आधी फोटो पाठवावेत म्हणून घरी मी फोटो काढायला बसलो, पण ते कागद सारखे गुंडाळले जात. बोटाने धरले तर बोट फोटोत येई, वर काच ठेवली तर उजेड चमके, आणि असे बिघडलेले फोटो मी लगेच पुसून टाकी. मला वाटले, आधी लॅमिनेशन करावे. सपाट होतील, फोटो नीट येतील, आणि टिकतीलही. आमच्या घरातल्या सगळ्या महत्त्वाच्या कागदांचे आम्ही तेच केले आहे. माझी दहावीची गुणपत्रिका, वडिलांचे ओळखपत्र, आजोबांचा मृत्यूचा दाखला. टिकवणे म्हणजे लॅमिनेशन, एवढेच मला माहीत होते.

कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात मी अकराही चित्रे एकाच मोठ्या पाकिटात ओळीने लावली. मामींचे मधोमध ठेवले. दुकानदार म्हणाला, “कागद पातळ दिसतोय. चालंल का?” मी म्हणालो, चालेल.

मशीनने पाकीट एका बाजूने हळूहळू आत घेतले. दुसऱ्या बाजूने ते बाहेर येऊ लागले तेव्हा त्यात नुसत्या काळ्या पट्ट्या होत्या. अर्धे अजून आत होते. दुकानदाराने बटण दाबले, पण तोवर उरलेलेही बाहेर आले, अकराही पट्ट्या काळ्या. ते गरम होते. मी हात लावून पाहिला.

उनाला ठेवू नगंस, काळं पडतंय. मला वाटले होते, फक्त उन्हाला.

तेव्हा मला काय वाटले हे लिहायला हवे, पण मला काही वाटले नाही. मी दुकानदाराला विचारले की किती झाले. वर्गात जाऊन बसलो. तास इतिहासाचा होता, मी सगळे उतरवून घेतले. ती वही आजही आहे, अक्षर चांगले आहे.

पुढचे सहा दिवस मी वडापच्या खासगी जीपने गेलो. सातव्या दिवशी फाट्यावर जीप यायच्या आत मामांची गाडी आली आणि शेख चाचांनी माझ्यासमोरच थांबवली. मी चढलो. मामा म्हणाले, “काय कॉलेज, आजारी होतास का?” मी दप्तरातून ते पाकीट काढून त्यांच्या हातात दिले. सांगायचे ठरवलेले सगळे विसरलो. “लॅमिनेशन केलं मामा,” एवढेच बोललो.

त्यांनी पाकीट खिडकीपाशी धरले. सरळ धरले, मग तिरके. मधल्या पट्टीवर अंगठा ठेवला, पण वर आता प्लास्टिक होते, नख नुसतेच सरकले. मागून कुणीतरी येडशीचे तिकीट मागत होते.

“मशीनला काय कळतंय,” मामा म्हणाले, “चित्र कुठलं आन् कागद कुठला.”

त्यांनी पाकीट पिशवीत घातले, येडशीचे तिकीट दिले आणि दोनदा घंटी ओढली. गाडी निघाली. ते माझ्यावर रागावले असते तर बरे झाले असते, असे लोक अशा वेळी लिहितात. मला तसेही वाटले नाही. मी खिडकीच्या दांड्याला डोके टेकवले आणि या वेळी झोप आली नाही, एवढेच.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या अंगठ्याचे नख कापलेले होते. बाकीच्या नऊ नखांसारखेच, बारीक. ते माझ्याशी पूर्वीसारखेच बोलत. अभ्यास विचारत, ‘कॉलेज’ म्हणत. गुलाबी कड आली की तुकडा फाडत आणि दाराबाहेर सोडून देत. शेख चाचा एकदा म्हणाले, “मास्तर, लई दिवस झाले, ब्रेकचा आवाज न्हाय.” मामा म्हणाले, “दुरुस्त झाला.” या वेळी गाडी हसली, पण मामा हसले नाहीत, आणि मी खाली बघत होतो.

पुण्याला मी उत्तर पाठवले नाही. प्रदर्शन झाले, त्याचे फोटो मी फोनवर पाहिले. उन्हाळ्यात मामा निवृत्त झाले आणि कळंबजवळच्या त्यांच्या गावी गेले. त्यांचा नंबर माझ्याकडे होता. मी लावला नाही. परीक्षा झाली की लावू, मग निकाल लागला की लावू, असे करत राहिलो.

या नवरात्रात तुळजापूरच्या जादा गाड्या सुटल्या होत्या. येरमाळ्याच्या स्टँडवर अशाच एका गाडीखालून शेख चाचा उठून उभे राहिले, हात पुसत. मी विचारले, “चाचा, मामा कसे आहेत?”

ते हात पुसता पुसता थांबले. “अरे, तुला कुणी सांगितलं न्हाय? मास्तर गेले रे. श्रावणात. झोपेतच.”

मी “बरं” म्हणालो. बरं का म्हणालो, माहीत नाही.

“मी गेलतो घरी,” चाचा म्हणाले. “त्यांची पोरगी दाखवत होती. घरी बसल्यापास्नं चित्राच्या वह्या आणल्या होत्या, शाळेतल्या पोरांच्या असत्यात तसल्या. पेन्सिल घेऊन दिवसभर बसायचे म्हणं. बाईमाणूस काढायचे, बघायचे, पान फाडायचे. परत काढायचे, परत फाडायचे. चार वह्यांत नुसते पुठ्ठे राहिलेत बघ. एक पान तेवढं फाडलं न्हाय.”

“त्यात काय आहे?”

“सीट. आपल्याच गाडीचं, दाराजवळचं. रेक्झिन उसवलेलं बी काढलंय, हुबेहूब. पण वर कुणीच बसलेलं न्हाय.” चाचांनी गाडीचे दार उघडले, पायरीवर एक पाय ठेवला आणि थांबून मला विचारले, “रिकामं सीटच काढायचं होतं, तर बाकीची पानं कशापायी फाडली रे त्यांनी?”