धाकूचा उजवा गाल

धाकूच्या गालाला आतून काय झालंय ते मी पाहिलंच नाही, आणि पाहिल्यासारखं त्याला सांगितलं, "काही नाही, दात लागतोय." ही चूक आधी लिहितो. ती लिहिल्याशिवाय त्याच्याबद्दल दुसरं काही लिहिण्याचा मला अधिकार नाही.

धाकू माझा जुळा भाऊ, माझ्याहून पाव तासाने लहान. आमच्यापैकी एकाला खोकला झाला तरी आई काढा दोघांनाही पाजायची. "एका पोटातले. एकाला झालां की दुसऱ्याला होणारच," म्हणायची. आमचे पहिले दुधाचे दातही एकाच आठवड्यात पडले, आणि सगळ्या वाडीची तशी खात्रीच झाली.

मोठेपणी तो होडीवर गेला, मी रत्नागिरीत एका दातांच्या डॉक्टरांकडे कंपाउंडर झालो. चेहरे तेच राहिले, दात मात्र निराळे झाले. त्याचे मशेरीने काळे पडले होते. सकाळी, दुपारी, होडी लोटण्याआधी, चिमूटभर मशेरी उजव्या गालात असायचीच. जाळं शिवताना सूत तो दातांनीच तोडायचा. शेजारी सुरी पडलेली असे. "देवानं फुकट दिलेली कात्री, ती कशाला गंजवू?" म्हणायचा.

माझ्या ब्रशाची आणि पांढऱ्या पावडरीची त्याला भारी गंमत. "आमच्या दादाचे दात बगा, कचेरीला चुना मारल्यावानी," असं तो चारचौघांत सांगे. मशेरी सोड म्हटलं की हसायचा. "तू तुजे धुतलेस ना? मग माजे पण धुतले गेले."

नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात गेल्या, त्या दिवसांत तो माझ्या अंगणात आला. "दादा, गालात खरखरीत लागतां. तिखट झोंबतां. बग जरा."

मी घरात गेलो आणि दाढीच्या आरशात माझंच तोंड उघडून पाहिलं. उजवीकडची एक दाढ टवका उडून गालाला लागत होती. गाल स्वच्छ होता. बाहेर येऊन मी त्याला सांगितलं, "काही नाही, दात लागतोय. आरशात पाहिलं, माझीही तीच दाढ लागते." त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. "तुला नाय काय, तर मला कसलां?" म्हणत तो गेला.

मशेरी लावणाऱ्यांच्या गालातला पांढरा चट्टा, म्हणजे कॅन्सरची पहिली खूण, डॉक्टरांनी मला कितीदा तरी दाखवला होता. "असा दिसला की त्याच दिवशी मला सांगायचं," असा त्यांचा हुकूम होता. धाकूने त्यानंतर दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी तेच उत्तर दिलं.

शिमग्यापर्यंत गाल बाहेरून सुजला, जबडा उघडेना. तेव्हा त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "इतके महिने कुणाला दाखवलं नाही?"

"दादानं बगितलाय की," धाकू अभिमानाने म्हणाला.

मुंबईत त्याचा अर्धा जबडा काढला. बोटीने परत आणला तेव्हा कॅन्सर गळ्यात उतरला होता. सुताचा धागा ज्या तोंडाने तुटायचा त्यात चमच्याने पेज घालावी लागे, आणि तीही गालावाटे ओघळे. बोलणं संपलं होतं. लिहायला त्याच्या मुलीची पाटी उशाशी असायची.

एका दुपारी मी पेज भरवत होतो. त्याने चमचा बाजूला केला, माझ्या गालावर बोट ठेवलं आणि पाटीवर मोठ्या कष्टाने लिहिलं: "तू दाखवलंस का? तुला पण होईल."

तो माझ्यासाठी घाबरला होता. मी होय म्हणालो असतो तर त्याला शांत झोप लागली असती. मी चमचा खाली ठेवला.

"धाकू, मला नाही होणार. आपली तोंडं एक नव्हती, हे मला तेव्हाच ठाऊक होतं. तुझ्या तोंडात मी पाहिलंच नाही. माझाच चेहरा काळे दात घेऊन दवाखान्याच्या बाकावर बसलेला लोकांना दिसेल, याची मला लाज वाटली, म्हणून तुला तिथे नेलं नाही. माझं चुकलं रे. मला माफ कर."