लाल डोऱ्याच्या आतलं घर

बत्तीस वर्षांच्या नोकरीतल्या पुष्कळ केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. पण एका साच्यातून काढल्यासारख्या दिसणाऱ्या त्या दोन घरांची केस मला अजून जशीच्या तशी सांगता येते. वडील चंडीमंदिरच्या छावणीत नोकरीला होते, म्हणून मी चंदीगडला वाढलो आणि इथल्याच पोलिसांत भरती झालो. ही घटना घडली तेव्हा मी मनीमाजऱ्याकडच्या एका ठाण्याचा इन्चार्ज होतो.

सकाळची हजेरी संपत होती. मुन्शी, म्हणजे ठाण्याचा लिहिणारा हवालदार, आत येऊन म्हणाला, "सर जी, आपके मुल्क के लोग आए हैं." बाहेर बाकावर तिशीचा एक मुलगा आणि त्याची आई बसली होती. मुलगा मोहालीत आयटी कंपनीत होता, मूळ गाव कऱ्हाडकडचं.

"सर, आम्ही घर घेतलं, चाव्या मिळाल्या. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दोन महिने गावी गेलो. परत आलो तर कुलूप बदललेलं, आत दुसरंच कुणीतरी! घर विकलेला डीलर म्हणतो, तुमचं घर हे नाही, पलीकडचं आहे. आणि पलीकडच्या घरावर पाडण्याची नोटीस लागलीय. आठ दिवस उरलेत सर."

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत राहिली.

इथं थोडं समजावून सांगायला हवं. चंदीगड आखून वसवलेलं शहर. त्याच्याभोवतीचा पट्टा मोकळा राहावा, शेतं शेतंच राहावीत, असा कायदा पहिल्यापासून आहे. गावाच्या जुन्या वस्तीभोवती एक हद्द आखलेली असते, तिला लाल डोरा म्हणतात. डोऱ्याच्या आत घर बांधलं तर चालतं, बाहेर बांधलं तर बुलडोझर येतो. हेतू चांगलाच होता. पण सेक्टरमधली घरं नोकरदाराच्या आवाक्याबाहेर गेली, शहराला काम करणारी माणसं तर हवीच होती, मग ती या गावांत शिरली. डोऱ्याच्या आत माणसाला माणूस खेटून राहू लागला आणि डोऱ्याला चिकटून बाहेर चोरटी घरं उभी राहिली.

डोऱ्याच्या आतल्या घरांना शेतासारखा वेगळा गट नंबर नसायचा. कागदावर नुसत्या चतुःसीमा. या मुलाच्या कागदावर लिहिलं होतं: पुढे रस्ता, मागे शेत, दोन्ही बाजूंना विकणाऱ्याची मोकळी जागा. डीलरने एकाच ओळीत, एकाच नकाशाची दोन घरं बांधली होती. मधल्या मोकळ्या जागेतून लाल डोरा जात होता. एक घर आत, दुसरं बाहेर, आणि कागद दोन्हींना फिट्ट बसत होता.

आतल्या घरात एक निवृत्त पंजाबी शिक्षिका राहत होत्या, एकट्याच. मी गेलो तेव्हा त्यांनी आधी चहा ठेवला आणि मग रडू आवरत म्हणाल्या, "पुत्तर, मैं तां सारी उमर दी कमाई पाई है एत्थे." जन्मभराची कमाई घातलेलं ते घर डीलरने त्यांना दुसऱ्यांदा विकलं होतं; त्याही फसलेल्याच होत्या. दोन खरी माणसं आणि घर एकच. अशी तक्रार आली की पोलिसाला पळवाट सोपी असते: दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा. खरं सांगतो, पहिल्या दिवशी माझ्याही तोंडावर ते वाक्य आलं होतं.

मुलाने मोबाइलवर फोटो दाखवले. ताबा घेताना आई निळ्या फाटकापाशी उभी. मी जाऊन बघितलं, तर निळं फाटक बाहेरच्या घराला! डीलर हसला. "देख लो जनाब, इनकी फोटो ही बोल रही है." ते हसू मला खटकलं. खऱ्या माणसाला पोलिसासमोर इतकं मोकळं हसू येत नाही.

खबर मिळाली ती चहाच्या टपरीवर. आमच्या बीटच्या शिपायाला एका वेल्डरने सहज सांगितलं, की डीलरने दोन घरांची फाटकं, दारं, जाळ्या त्याच्याकडून अदलाबदल करून घेतल्या होत्या. ग्राहकाला रंग आवडला नाही, असं कारण दिलं होतं. आता माणूस कळला होता, पण एका वेल्डरच्या शब्दावर घर परत मिळत नाही. मला घरातच काहीतरी सापडायला हवं होतं.

संध्याकाळी त्या मायलेकांच्या भाड्याच्या खोलीवर गेलो. मुलगा पावत्या, ईमेल, सगळं पक्कं लावून बसला होता. मी आईला विचारलं, "मावशी, चाव्या मिळाल्यावर तुम्ही त्या घरात काय काय केलंत?"

"काय करणार? दूध उतू घातलं. वास्तुशांत केली. छावणीतल्या देवळातले गुरुजी आले हुते."

"वास्तुपुरुष पुरला?"

"न पुरून कसं चालंल? तांब्याच्या डबीत, आग्नेय कोपऱ्यात, सैपाकघरात. गवंड्याकडनं फरशी उचलून घेतली की."

मी मुलाकडे बघितलं. तो ओशाळला. "सर, हे काय पोलिसांना सांगायचं, असं वाटलं."

शाबास! कंपनीत सगळं रेकॉर्डवर ठेवणाऱ्या पोराने खरा पुरावा देवाधर्माचा म्हणून घरीच ठेवला होता. पण उकरायचं म्हटल्यावर मावशी अडून बसल्या. "पुरलेला वास्तुपुरुष उकरायचा नस्तो सायेब. घराला बरं नाही."

"मावशी, घरच तुमच्या हातून गेलं तर तो तिथं कुणाचं राखत बसणार?"

त्यांनी बोटाला गुंडाळलेला पदर सोडला. मग म्हणाल्या, "मी सोता हात घालणार. आन बूट घालून कुणी यायचं न्हाई."

उकरण्याआधी डबीत काय काय आहे, ते मी त्यांच्याकडून लिहून घेतलं. प्रतिमा, सात धान्यं, सुपारी. मग मुलाला बाहेर पाठवायला सांगून त्या हळूच म्हणाल्या, "आन एक खाकी बटण. यांच्या शर्टाचं. एसटीत डायवर हुते. हयात भाड्याच्या खोलीत काढली, घर घर करत गेले. गुरुजींना कळू न देता टाकलं मी." तेही मी यादीत लिहिलं.

दुसऱ्या दिवशी डीलरला ठाण्यात बसवलं. फाटकाचं नावही काढलं नाही. नुसतं विचारलं, ताबा दिल्यानंतर कुठल्या घराच्या फरशीचं काम केलं का? त्याला वाटलं, मी बांधकामाचा दर्जा बघतोय. "जनाब, दोनों घरों में फर्श को हाथ नहीं लगाया. टाइल ओरिजिनल है, पक्का." मी त्याची सही घेतली; आता फरशीखाली काही मागाहून ठेवलं, असं त्याला म्हणता येणार नव्हतं.

मग सगळे त्या दोन घरांपाशी गेलो. पंचांसमोर आधी बाहेरच्या घराचा आग्नेय कोपरा उचलला. खाली कोरडी वाळू.  आतल्या घरात शिक्षिकाबाईंनी स्वतःच्या हाताने ओट्याखालचे डबे बाजूला केले. माझे शिपाई मोज्यांवर उभे होते. फरशी निघाली, मावशींनी खाली हात घातला आणि तांब्याची डबी वर आली. धान्याला बुरशी धरली होती. त्यातच बटण होतं.

मुलाने ते बघितलं, आईकडे बघितलं, आणि मोठ्याने रडला.

डीलरला तिथंच अटक केली. आतल्या घरावर नोटीस नव्हतीच, ते वाचलं. बाहेरचं ठरल्या दिवशी पडलं. शिक्षिकाबाईंनी त्याच संध्याकाळी चाव्या मावशींच्या हातात ठेवल्या. "भैण जी, जिसदे घरवाले दी निशानी हेठां है, घर उसे दा." मावशींना पंजाबी कळत नव्हती, मी मराठीत सांगितलं: जिच्या नवऱ्याची खूण खाली आहे, घर तिचंच. त्यावर त्या म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, वरच्या दोन खोल्या रिकाम्याच हायेत. मला काय जिना चढवत न्हाई." हे मी पंजाबीत सांगितलं. इतक्या वर्षांत इतका सोपा जबाब मी कधी भाषांतरित केला नव्हता.

या केसने मला एक सवय लावली. घराच्या भांडणात मी पुढे कधीच आधी कागद मागितला नाही. तुम्ही तिथं काय केलंत, हे विचारायचो. योजना आखणारे रेघ ओढून मोकळे होतात, त्यात त्यांची चूक काढायला मी बसलो नाही. पण रेघेच्या दोन्ही बाजूंना माणसं राहतात, आणि राहणारा माणूस घरात काही ना काही ठेवून जातोच. खोटं बोलणाऱ्याला फाटक बदलता येतं, कारण फाटक सगळ्यांना दिसतं.

डबी मुद्देमाल म्हणून मालखान्यात जमा झाली. कोर्टाने ती परत द्यायला काही महिने लावले. तोवर मावशींनी त्या खड्ड्यावर फरशी बसवू दिली नाही. मी स्वतः डबी घेऊन गेलो, बूट बाहेर काढून. मावशींनी ती ठेवली आणि मातीची मूठ भरली; मग हात थांबवून वरच्या मजल्याकडे तोंड करून हाक मारली, "मॅडम, खाली या. तुमच्याबगर कसं बुजवू?"

शिक्षिकाबाईंना मराठी येत नव्हती. तरी त्या लगेच खाली आल्या.