क्षेपणास्त्राच्या नाकावरचं कुंकू

नौदलासाठी जे क्षेपणास्त्र तयार होत होतं, त्याचं नाक आमच्याकडे बनायचं. आमच्याकडे म्हणजे बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत, ॲसिडच्या टाक्या आणि धुराचे पाइप बनवणाऱ्या एका शेडमध्ये. टीव्हीवर क्षेपणास्त्र दाखवतात तेव्हा मागे देशभक्तीचं संगीत वाजत असतं. आमच्याकडे मागे रेझिनचा वास, बंद पडलेला एक्झॉस्ट फॅन आणि शेजारच्या कारखान्याचा पिवळा धूर होता. मी तिथे तपासणी विभागात होते. विभाग म्हणजे मी, एक टेबल आणि जाडी मोजायचं यंत्र. गुप्ततेचं मला कौतुक नव्हतं. मी तारापूरजवळच्या वाडीत वाढले. अणुवीज केंद्राच्या कुंपणाशी ज्यांचं बालपण गेलं, त्यांना प्रश्न न विचारायची सवय आपोआप लागते.

काम आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. जहाजावरून सुटलेलं हे क्षेपणास्त्र पाण्याच्या जरा वरून उडत जातं आणि शेवटच्या टप्प्यात आपल्या रडारने शत्रूचं जहाज शोधतं. ते रडार नाकात असतं. म्हणून नाक धातूचं चालत नाही, रडारच्या लहरी आरपार जायला हव्यात. काचधाग्याच्या कापडाचे थर रेझिनच्या चिकट रसायनात भिजवून साच्यावर एकावर एक बसवायचे, भट्टीत भाजायचे, घासायचे, आणि शेवटी खाऱ्या हवेपासून वाचवणारा रंग द्यायचा. रंग लागेपर्यंत त्याला उघडा हात लावायचा नाही. तेलकट बोट लागलं की तिथे रंग धरत नाही. कागदावर या वस्तूला रेडोम म्हणतात. आम्ही नाकच म्हणायचो.

थर बसवायचे ते दादा. मासवणच्या पलीकडे डोंगराच्या अंगाला त्यांचं घर आणि पावसावर पिकणारा भाताचा तुकडा. आमच्याकडे कितीतरी वर्षं कंत्राटावर होते. साधाभोळा वगैरे माणूस अजिबात नव्हता. तोंडाळ, बढाईखोर, ठेकेदाराची हुबेहूब नक्कल करणारा. मी यंत्र घेऊन आले की म्हणायचे, "मोजा बाई, मोजा. नायतर तुमचा पगार हलाल कसा व्हायचा?" मी पण ऐकून घेत नसे. आमचं छान जमायचं.

त्यांना एकच गोष्ट हवी होती. कायम व्हायचं होतं. पहिलं नाक चाचणीत पास झालं की दादा कायम, असा शब्द आमच्या मालकांनी, शेठनी, सगळ्यांसमोर दिला होता. कायम म्हणजे काय, हे आयुष्यभर पक्की नोकरी केलेल्यांना कळणार नाही. ठेकेदार मनात येईल तेव्हा दादांना घरी बसवायचा. म्हणून दिवाळी सरली की त्यांची बायको वीटभट्टीवर जायची, ती पाऊस तोंडावर आला की परतायची. "एकदा कायम झालो ना बाई, तिला भट्टीवर नाय धाडणार," दादा म्हणायचे. "घरात बसून मला शिव्या देईल. चालंल."

पहिलं नाक घासून तयार झालं. आमच्याकडे रीत अशी की टाकी असो, पाइप असो, पहिला नग गेटबाहेर जाण्याआधी त्याच्यापुढे नारळ फोडायचा आणि त्याला कुंकू लावायचं. नाक तर रंगासाठी दुसऱ्या कारखान्यात जाणार होतं, म्हणजे अजून रंगाविना उघडंच. तेव्हा आम्ही आपसात ठरवलं, कुंकू खोक्याला लावायचं. देव काही इतका आडमुठा नसतो. दादांनी खोका पुसून त्याला झेंडूचा हार घातला.

त्या दिवशी क्षेपणास्त्र प्रकल्पाचे मोठे साहेब आले. बरोबर फोटोवाला, मागे शेठ, शेठच्या हातात घरून आलेलं पूजेचं ताट. आम्ही साहेबांना पांढरे हातमोजे दिले. त्यांनी ते घातले, नाकाभोवती एक फेरी मारली आणि त्यांचे डोळे भरून आले. खरंच आले, ते मी नाकारणार नाही. मग म्हणाले, "खोक्याची कसली पूजा करता? जो लढायला चाललाय त्याला टिळा लावा. आणि हातमोजे घालून कधी पूजा करतात का?"

उघडा हात लावू नये हा नियम ज्यांच्या कचेरीतून आला होता, त्यांनीच हातमोजे काढले. कुंकू तेलात कालवलेलं होतं. मी "सर, त्याला..." एवढं म्हटलं तोच शेठनी डोळे वटारले. दादांनी मात्र वाक्य पुरं केलं. "साहेब, नका लावू. रंग नाय धरत त्यावर." साहेब हसले, दादांच्या पाठीवर थाप मारली आणि नाकावर अंगठ्याने उभा टिळा ओढला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

साहेबांची गाडी वळल्यावर दादांनी ते कुंकू थिनरने पुसलं, पुन्हा पुसलं, हलकं घासूनही पाहिलं. कापडाच्या विणीत गुलाबी झाक राहिलीच. हे असं रंगाला पाठवू नका, असं मी शेठना स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, "साहेबांचा आशीर्वाद आहे तो. तू त्याला डाग म्हणतेस?" पाठवलं. रंग लागला, नाक दमट-गरम हवेच्या चाचणीला गेलं आणि बरोबर त्याच जागी रंगाला उभा, अंगठ्याच्या रुंदीचा फोड आला. पहिलं नाक नापास.

चौकशीला प्रकल्पाची माणसं आली. आमच्या ऑफिसात टेबलावर काजू-बिस्किटं मांडली गेली. मला बोलावलं तेव्हा जे झालं ते मी जसंच्या तसं सांगितलं. त्यांतल्या एकाने फार प्रेमाने विचारलं, "मॅडम, तुम्हाला नक्की आठवतंय ना?" फोटो मागवा म्हटलं. फोटो आले. साहेब नाकाशेजारी, साहेब ताट घेऊन, साहेब शेठबरोबर. अंगठा टेकवतानाचा एकही फोटो त्यात नव्हता.

मग दादांना आत घेतलं. मी तिथेच होते. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "मीच लावला कुंकू. साहेब गेले, मग लावला. आमच्यात तसं करतात."

आमच्यात तसं करतात! ते ऐकल्याबरोबर टेबलापलीकडचे चेहरे सैल पडले. डोंगरातला माणूस, त्याची अंधश्रद्धा, त्याला काय कळणार. सगळं कसं जागच्या जागी बसलं. एकाने चक्क सहानुभूतीने मान हलवली. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की मी खुर्ची सरकवून बाहेर आले. साहेबांवर राग होता, शेठवर होता, पण त्या क्षणी सगळ्यात जास्त दादांवर होता. बाहेर त्यांना गाठून विचारलं, "हे काय बोललात तुम्ही?" ते चप्पल शोधत राहिले. "बाई, तुमी यात पडू नका. तुमची नोकरी हाय, सांभाळा." दुसऱ्या दिवशी ठेकेदाराने त्यांना गेटवरच सांगितलं, "चाचा, कल से मत आना."

मला नाकाच्या कामावरून काढून पाइपांच्या तपासणीवर टाकलं. दुसरं नाक गेलं. त्याचे थरही दादांनीच बसवलेले होते, आधीच. ते पास झालं, क्षेपणास्त्रावर चढलं आणि काही महिन्यांनी समुद्रात डागलं गेलं. आम्ही कॅन्टीनच्या टीव्हीवर पाहिलं. नेम धरलेल्या जुन्या जहाजाच्या बरोबर मधोमध भगदाड. नंतर साहेब दिसले. हजारो अनाम हातांचे आभार मानत होते. अनाम कसले? नाव आहे त्या माणसाला, आईबापांनी ठेवलेलं. शेठनी पेढे वाटले आणि त्याच दुपारी थर बसवण्याच्या जागेवर आपल्या भाच्याला कायम केलं.

रविवारी सरावलीच्या माझ्या भाड्याच्या खोलीवरून निघाले, पेढ्यांचा पुडा घेतला आणि मासवणला गेले. घराला कुलूप. शेजारची बाई म्हणाली, "दोघंही भट्टीवर हायत." दोघंही. यंदा बायकोबरोबर दादाही गेले होते. मनोरच्या रस्त्याला ती भट्टी सापडली. दादा गुडघ्यापर्यंत चिखलात, बायको साच्यातून विटा काढत होती. मला बघून दादा तोंडभर हसले.

"लागलं, दादा," मी म्हटलं. "जहाजाच्या मधोमध."

"लागला?" ते ओरडलेच. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, "मी बनवलेला हाय तो! माझ्या हातचा!" कोणी मान वर केली नाही. बायकोने तेवढी केली, आणि पुन्हा साचा उचलला.

मग ते चिखलातून बाहेर आले, मला जरा बाजूला नेलं आणि हळू आवाजात म्हणाले, "मग आता शेठ बोलावतील ना? बोलले होते मला. तू तुझ्या अंगावर घे, बार लागला की तुला कायम करतो. इथं रेंज नाय, म्हणून फोन लागत नसेल. मी रोज वर टेकडीवर जाऊन बघून येतो."

तेव्हा कुठे मला कळलं की ते खोटं का बोलले होते. माझ्यावर उपकार म्हणून नाही, शेठच्या धाकानेही नाही. भाबडेपणाने त्यांनी सौदा केला होता, आणि आपल्या बाजूचं सगळं पुरं केलं होतं. खोटा दिलासा द्यायचं माझ्या जिवावर आलं. मी सरळ सांगितलं, "दादा, नाही बोलावणार. ती जागा भरली. शेठच्या भाच्याला घेतलं."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

बायकोने लांबून विचारलं, "काय म्हणतात बाई?"

"सांगतायत," दादा म्हणाले, "थोडं थांबा, बोलावतील." पेढ्यांचा पुडा त्यांनी तिच्या हातात दिला आणि परत चिखल तुडवायला उतरले.